आवाज किती ठेवायचा

हे मनन उन्हाळ्यातच करायला हवं असं काही नाही. तरी मी भंडाऱ्याच्या उन्हाळ्यातून सुरुवात करणार आहे, कारण कानातल्या आवाजावर बाहेरचा आवाज घातला की माणसांच्या बोलण्याचं काय होतं, हे या जिल्ह्यातल्या घराघराला कूलरने आधीच शिकवून ठेवलेलं आहे. पण कूलरकडे थोड्या वेळाने येऊ.

आधी बसा. खाटेवर, खुर्चीवर, छपरीतल्या चटईवर, जिथे जमेल तिथे. मांडी घालता येत नसेल तर घालू नका. डोळे मिटले तरी चालतील, पुढे ते उघडावे लागणार आहेत. घरात कुणी असेल तर त्यांना सांगून ठेवा की जरा वेळाने तुमची मदत लागेल. एरवी मनन एकट्याने करायचं असतं. यात मात्र दुसऱ्याचं बोलणं लागतं.

आता सगळ्यात लांबचा आवाज शोधा. भंडारा शहरात असाल तर तो बहुधा नागपूरहून रायपूरकडे निघालेल्या ट्रकचा असेल. वरठीत असाल तर रेल्वेचा. तुमसरला एखाद्या राईस मिलचा. पवनी किंवा लाखांदूरकडे, धानाच्या बांध्यांच्या कडेला घर असेल तर ऋतूप्रमाणे बदलेल: रोवणीच्या दिवसांत बेडूक, दिवाळीनंतर मळणीचं यंत्र. तो सापडला की थोडा वेळ त्याच्यासोबत राहा आणि सोडून द्या. मग गल्लीतला आवाज. मग घरातला: पंखा, फ्रिज, स्वयंपाकघरातलं भांडं. मग तुमचा स्वतःचा श्वास, नाकपुडीतून आत जाणारा, बाहेर येणारा. एकेका आवाजाला त्याचा वेळ द्या. पुढे जायची घाई इथे कुणालाच नाही.

आणि आता त्याच्याही आत. तिथे काही आहे का?

ज्यांच्या कानात रात्रंदिवस शिट्टी, घूंघूं किंवा रातकिडे असतात, त्यांना हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ते लांबचा ट्रक ऐकत होते तेव्हाही हा आवाज मध्ये उभाच होता. पण ज्यांना वाटतं की आपल्याला असलं काही नाही, त्यांनीही इथे थांबावं. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी ऐकायला चांगलं येणाऱ्या ८० जणांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते सांगायला सांगितलं. त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज सांगितले. खोलीत आवाज नव्हताच. जे होतं ते त्यांचं त्यांचं होतं.

म्हणजे पूर्ण शांतता असलेला कान जवळजवळ कुणाकडेच नाही. काहींचा आवाज बाहेरच्या जगाखाली दबून राहतो, काहींचा वर येतो आणि तिथेच ठाण मांडतो. जगभरच्या पाहण्यांचा २०२२ मध्ये एकत्र हिशोब मांडला गेला, तेव्हा सुमारे १४ टक्के प्रौढांना हा त्रास कधी ना कधी जाणवतो आणि साधारण २ टक्क्यांना तो फार असतो, असं दिसलं. दर सात माणसांमागे एक. साकोलीहून निघालेल्या भरल्या एसटीत असे बरेच जण बसलेले असतील. एकमेकांना ते माहीत नसतं. हा आजार बाहेरून दिसत नाही, आणि ऐकूही येत नाही.

वैद्यकाला तो नवा नाही. सुश्रुताने कानाचे २८ रोग मोजले, त्यांत कर्णनाद आहे आणि कर्णक्ष्वेडही आहे. आजचे डॉक्टर टिनिटस म्हणतात. गावात विचाराल तर म्हणतील, कान वाजते जी.

तो वाजतो कसा, हे थोडं समजून घेऊ. समजलं की भीतीचा एक थर निघून जातो. कानाच्या आत शंखासारख्या नळीत केसांसारखी टोकं असलेल्या पेशी ओळीने बसलेल्या असतात. आवाजाची खबर मेंदूला मुख्यतः ज्या पेशी देतात, त्या एका कानात फक्त साडेतीन हजारांच्या आसपास असतात. त्या जशा मरतात तशा परत उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने त्यांचं सर्वांत आधी नुकसान होतं ते ४००० हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे बारीक, उंच आवाजांच्या पट्टीत. तिथून येणारी खबर कमी झाली की मेंदू आपल्या बाजूने आवाज वाढवून बघतो, आणि रिकाम्या जागेतून त्याला शिट्टी ऐकू येऊ लागते. निदान आजच्या बहुतेक संशोधकांचं मत असं आहे. म्हणूनच पुष्कळांची शिट्टी ज्या पट्टीतली असते, नेमकी त्याच पट्टीत त्यांचं ऐकणं कमी झालेलं असतं.

भंडारा पितळी भांड्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. पत्र्यावर पडणारा हातोड्याचा ठोका, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींतली ड्रिलं, राईस मिल, मळणीयंत्र, लग्नाच्या वरातीतला डीजे. कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार, १०० ला दोन, असा हिशोब लिहिलेला असतो. घरच्या धानमळणीला असा हिशोब कोण लावतो? ते असो. आपण कारण शोधायला बसलेलो नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की जो दिवसभर मोठ्या आवाजात राबला त्याच्या कानातलं नुकसान वरच्या, बारीक पट्टीत आहे. पुढे हीच पट्टी पुन्हा येणार आहे.

एक सूचना इथेच सांगतो, कारण ती मननाने सुटण्यातली नाही. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, किंवा एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं असेल, तर हे वाचन बाजूला ठेवा आणि कानाच्या डॉक्टरांकडे जा. अचानक बहिरेपण आलं असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी.

आता कूलर.

होळी झाली की घराघरातून कूलर बाहेर निघतात. धूळ झटकली जाते, जाळ्यांत नवी खस भरली जाते, मोटरला तेल घातलं जातं, आणि मग पारा ४५ कडे सरकू लागला की तो खिडकीत बसतो तो पावसापर्यंत. रात्रभर घोंगावतो. पंख्याची घरघर, खसावरून ओघळणारं पाणी, मध्येच पंपाचा गुरगुराट. कान वाजणाऱ्या माणसासाठी ही घरघर मोठा आसरा असते. शिट्टी कुठे गेली कळतच नाही. झोप लागते. मग मृगाचा पाऊस येतो, हवा गार होते, कूलर बंद होतो आणि अंधारात ती शिट्टी पुन्हा आपल्या जागेवर उभी असते.

त्याच खोलीतलं बोलणं आठवा. ते आठवताना घाई करू नका, कारण या मननाचा गाभा तिथे आहे. कूलर पूर्ण वेगात आहे. दारातून कुणीतरी काहीतरी विचारतं. तुम्हाला आवाज येतो. कोण बोललं तेही कळतं. प्रश्न होता हेही चढत्या सुरावरून कळतं. फक्त काय विचारलं ते कळत नाही. "का म्हन्लं गा?" तुम्ही विचारता. ते पुन्हा मोठ्याने म्हणतात. पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी उठून कूलरचं बटण खाली करतं आणि तेच वाक्य, आता ओरडण्याची गरज नसताना, स्वच्छ ऐकू येतं.

ऐकू येणं आणि कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कूलर रोज दाखवतो. कानावर लावायचं मास्कर नावाचं छोटं यंत्र शिट्टी झाकायचं तेच काम करतं, फक्त ते खिडकीत बसत नाही, कानात बसतं.

कल्पना जुनी आहे. मोठा आवाज लहान आवाजाला हुसकावतो, हे ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्रश्नसंग्रहात आहे. १८२१ मध्ये फ्रेंच वैद्य इतार्द यांनी कानाच्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ते सुचवतात की ज्याच्या कानात घंटा वाजत असतील त्याने तांब्याच्या मोठ्या भांड्यात वरून पाण्याची बारीक धार पडू द्यावी आणि ती ऐकत राहावं. पितळेच्या आणि तांब्याच्या गावात हा उपचार कुणालाही सुचला असता. पुढे अमेरिकेत, ओरेगॉनमध्ये, जॅक व्हर्नन यांच्याकडे कान वाजण्याने हैराण झालेले एक डॉक्टर आले. दोघे पोर्टलंडमधल्या एका कारंज्याजवळ गेले आणि पाण्याच्या सळसळीत त्या डॉक्टरांना आपला आवाज ऐकू येईना. तिथून १९७० च्या दशकात कानावर लावायचे मास्कर तयार झाले. आज हे काम श्रवणयंत्रातच बसवलेला आवाज करतो, उशाशी ठेवायचं यंत्र करतं, मोबाइलमधलं ॲप करतं.

आपणही इतार्दची धार करून बघू. घरात पितळेचा गुंड किंवा तांब्याचा गंज असेल तर तो नळाखाली ठेवा. नसेल तर पंखा चालेल. पाणी वाया जाऊ नये म्हणून वापरायचंच पाणी भरा. नळ अगदी थोडा उघडा. धार सुतळीएवढी. ऐका. तुमच्या कानातला आवाज अजून आहे का? असेल. दोन्ही ऐकू येऊ देत. कशाला हुसकावू नका. आता नळ किंचित वाढवा. पुन्हा थांबा. कुठेतरी एक टप्पा येतो जिथे आतला आणि बाहेरचा आवाज एकमेकांत मिसळू लागतात. दोन्ही वेगळे काढता येतात, पण मेहनत पडते. तो टप्पा ओळखून ठेवा. नळ आणखी उघडलात तर आतला आवाज बुडेल. एकदा बुडू द्या, तेही बघा. मग नळ हळूहळू पुन्हा त्याच टप्प्यावर आणा.

काही जणांना इथे एक चमत्कारिक गोष्ट जाणवेल. मोठा आवाज थोडा वेळ ऐकून एकदम बंद केला की आतली शिट्टी काही सेकंद, कधी मिनिटभर, गप्प राहते. हे ठाऊक असलेलं, मोजलेलं आहे. काहींना मात्र उलट होतं, ती वाढते. तुमच्या बाबतीत काय होतं ते फक्त बघा. यावर भरवसा ठेवून आवाज वाढवत नेऊ नका; आधीच दुखावलेल्या कानाला तो परवडणारा नाही.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात घेण्यासारखी. बाहेरच्या एखाद्या शिट्टीला झाकायचं तर जवळपास तिच्याच पट्टीतला आवाज लागतो. आतल्या शिट्टीचं तसं नाही. जर्मन कानतज्ज्ञ फेल्डमन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की कित्येकांची शिट्टी भलत्याच पट्टीतल्या आवाजानेही झाकली जाते, कधी कधी दुसऱ्या कानात आवाज दिला तरीही. शिट्टी तुमच्या कानात हवेतून आलेली नाही, म्हणून ती हवेतल्या आवाजाचे नियम पाळत नाही. माणसांचं बोलणं मात्र हवेतूनच येतं. ते सगळे नियम पाळतं. झाकलं की झाकलं जातं.

नळ बंद करा. डोळे उघडा.

उजवा तळहात तोंडासमोर, चार बोटांच्या अंतरावर धरा. म्हणा: कार. मग म्हणा: खार. पुन्हा, सावकाश. पार, फार. तर, थर. हातावर काय झालं? पहिल्या शब्दाला हवा जेमतेम लागली, दुसऱ्याला झुळूक आली. मराठीत त्या झुळकेवर अर्थ फिरतो. आणि ती झुळूक म्हणजे काय, तर काही शतांश सेकंद टिकणारी बारीक सळसळ. मास्करही सळसळच करतो. सळसळीत सळसळ पडली की कार आणि खार एक होतात.

आता नुसता स ओढून म्हणा. मग श. पुन्हा स. स ची सळसळ वर, उंच पट्टीत आहे. श ची जरा खाली. स ची ताकद मुख्यतः ४००० हर्ट्‌झच्या वर असते. ही तीच पट्टी जिथे ठोक्यांनी आणि यंत्रांनी कान आधी झिजवला, आणि पुष्कळांची शिट्टीही तिथेच बसलेली. (आपल्या झाडीकडच्या बोलीत श चा स सहज होतो. तो एक फरक लोकांनी आपण होऊनच सोडून दिला, त्यामुळे तो हरवण्याची भीती नाही.)

आता आ म्हणा. छातीवर हात ठेवून. हा आवाज घर भरतो. बेल प्रयोगशाळेतले हार्वे फ्लेचर यांनी इंग्रजी ध्वनींची ताकद मोजली होती. सर्वांत जोरकस स्वर आणि सर्वांत क्षीण व्यंजन यांच्यात त्यांना ६८० पटींचा फरक आढळला. मराठीचे आकडे नेमके तेच नसतील, पण आ आणि स यांच्यातली दरी तुम्ही आत्ताच स्वतःच्या गळ्याने मोजलीत. स्वर वाक्याला आवाज देतात. व्यंजनं त्याला अर्थ देतात. आवाज वर चढवून बोललं तर वाढतात ते मुख्यतः स्वर. म्हणून कूलरच्या खोलीत ओरडूनही फारसं पदरात पडत नाही.

हे शब्द मनात म्हणा: काय, पाय, साय, गाय, माय, चाय. सगळ्यांचा स्वर एक. वेगळं आहे ते फक्त पहिलं अक्षर, आणि ते निघून गेलं की उरतो एक "आय". सुनेने चाय घेता का विचारलं की गाय सुटली म्हणून सांगितलं? माणूस अंदाजाने मान हलवतो. एकदा, दोनदा, मग रोजच. घरचे म्हणतात, म्हाताऱ्याचं लक्षच नाही. लक्ष होतं. अक्षर नव्हतं.

आता घरातल्या माणसाला बोलवा. ते समोर बसू देत, हाताच्या अंतरावर. पंखा किंवा धार त्या मिसळण्याच्या टप्प्यावर ठेवा. मास्कर असेल तर तो लावा. त्यांना नेहमीच्या आवाजात दहा शब्द म्हणायला सांगा, आधी ठरवलेले नाहीत असे. तुम्ही ऐकलेलं परत म्हणा. मग आवाज पूर्ण झाकणारा ठेवून पुन्हा दहा. मग त्यांना दारापाशी जायला सांगा आणि पुन्हा.

दारापाशी गेल्यावर काय होतं त्याकडे विशेष लक्ष द्या. मोकळ्यात माणूस दुप्पट लांब गेला की त्याचा आवाज ६ डेसिबलने उतरतो. चौपट लांब गेला की १२. भिंती असलेल्या घरात थोडा कमी, पण उतरतो. खिडकीतल्या कूलरपासून तुम्हीही लांब जाऊ शकता. कानातल्या मास्करपासून नाही. बोलणारा स्वयंपाकघरातून छपरीपर्यंत हाक मारेल तेव्हा त्याची हाक वाटेत झिजत येईल. यंत्राची सळसळ मात्र जिथल्या तिथे, पूर्ण ताकदीने, पडद्याला लागून. म्हणून जवळ बसून बोलणाऱ्या नातवाचं सगळं कळतं आणि अंगणातून हाक मारणाऱ्या शेजाऱ्याचं काहीच नाही. चांगला कान असलेला माणूस आवाज बोलण्यापेक्षा थोडा मोठा असला तरी निम्मी वाक्यं पकडतो. झिजलेल्या कानाला उलट हवं असतं: बोलणंच आवाजापेक्षा वर असावं लागतं. मास्कर बहुधा झिजलेल्या कानालाच लागतो.

पाठ फिरवूनही एकदा करून बघा. समोरून ऐकताना ओठ मदत करत होते, हे पाठ फिरवल्यावरच कळतं. प, ब, म ओठांवर दिसतात. क, ग, ख घशात होतात, दिसत नाहीत. मे महिन्यात बाहेर भेटलेल्या माणसाच्या तोंडावर डोळ्यांखालपासून दुपट्टा गुंडाळलेला असतो, त्याच्यासमोर मास्कर लावलेल्याची काय अवस्था होत असेल, याचा विचार यंत्र विकणाऱ्यांच्या पत्रकात सहसा नसतो.

इथे थोडं थांबा. पाणी प्या.

आतापर्यंत वाटलं असेल की मास्कर हा बोलण्याचा शत्रू. तसं सरळ नाही. शिट्टी स्वतःही बोलणं खाते. ती वीतभर अंतरावर बसून सतत लक्ष ओढत असते आणि गर्दीत एकाचं बोलणं धरून ठेवायला जे लक्ष लागतं तेवढं शिल्लक राहत नाही. झोप झालेली नसते. माणूस चिडलेला असतो. थोडी सळसळ लावून ती शिट्टी मऊ झाली, मन भरकटलं नाही, तर दोन-चार अक्षरं हरवूनही एकूण संभाषण जास्त हाती लागू शकतं. फायदा की तोटा, हे तीन गोष्टींवर बरंचसं ठरतं: सळसळ किती, कोणत्या पट्टीत, आणि यंत्राने कान बुजवला आहे की मोकळा ठेवला आहे. कानात गच्च बसणारा साचा असेल तर तो बोलणंही बाहेरच अडवतो. मोकळ्या, सच्छिद्र टोपणातून बोलणं सहज आत येतं. यंत्र घेताना किंमत विचारतो तसं हेही विचारावं.

कोक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये ध्वनी-उपचारांवरचे ८ अभ्यास, एकूण ५९० रुग्ण, एकत्र तपासले. श्रवणयंत्र, सळसळ करणारं यंत्र, दोन्ही एकत्र असलेलं यंत्र, यांपैकी एक दुसऱ्याहून सरस असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. दोनशे वर्षं तांब्याच्या भांड्यावर धार धरूनही प्रश्न उघडाच आहे. माझं मत मी सांगतो. ज्याचं ऐकणंच कमी झालं आहे, त्याने आधी नुसतं श्रवणयंत्र नीट लावून बघावं. बाहेरचे आवाज, बोलणं, पाखरं, भांडी, पुन्हा आत येऊ लागली की पुष्कळांची शिट्टी आपोआप मागे सरते, आणि जे झाकतं ते सळसळीऐवजी माणसांचं बोलणं असतं. राष्ट्रीय वयोश्री योजनेसारख्या सरकारी योजनांच्या शिबिरांतून पात्र वृद्धांना श्रवणयंत्रं मिळतातही. ती कपाटात पडून राहतात, कारण यंत्र देणं सोपं आणि ते त्या माणसाच्या कानाला, त्याच्या घराला जुळवत बसणं कष्टाचं.

पुन्हा बसा. डोळे मिटा. तो मिसळण्याचा टप्पा आठवा, जिथे धार आणि शिट्टी दोन्ही ऐकू येत होत्या. १९९० च्या सुमारास पावेल यास्त्रेबॉफ यांनी जी पद्धत मांडली, तिच्यात आवाज त्या टप्प्याच्या किंचित खालीच ठेवायला सांगतात, वर कधीच नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं: शिट्टी पूर्ण झाकली तर मेंदूला तिची सवय होणार कशी? जे ऐकूच येत नाही त्याची सवय होत नाही. मला त्यात दुसराही एक लाभ दिसतो, जो त्यांच्या सिद्धांताचा मुख्य भाग नव्हता. त्या खालच्या टप्प्यावर बोलणं वाचतं.

शिट्टी आहे. सळसळ आहे. श्वास आहे. कुणालाही हाकलू नका. शिट्टीकडे पाच श्वास लक्ष द्या. मग लक्ष उचलून सळसळीवर ठेवा, पाच श्वास. मग घरातल्या माणसाच्या बोलण्यावर, ते काहीही बोलत असोत. लक्ष परत शिट्टीकडे जाईल. जाऊ द्या, मग पुन्हा बोलण्याकडे आणा. हठयोगप्रदीपिकेत आतल्या नादाकडे कान लावून बसायची साधना आहे. मेघगर्जनेपासून शंख, घंटा, वेणू, भुंग्यापर्यंत नादांची उतरंड तिथे सांगितली आहे. तुमच्या कानातली शिट्टी म्हणजे अनाहत नाद आहे, असं सांगणारे भेटतील. मी तसं म्हणणार नाही. आंधळगावच्या हातमागावर आयुष्य काढून जिचे कान वाजू लागले, तिने साधना मागितलेली नव्हती. पण आवाजापासून न पळता त्याच्या शेजारी बसता येतं, एवढं त्या साधकांकडून घेता येईल.

दिवस आणि रात्र वेगळी ठेवा. रात्री, झोपताना, कुणी बोलत नसताना, आवाज थोडा वर असला तरी चालेल. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर तेही नको. दिवसा तो खाली. बाजारात, लग्नात, तहसील कचेरीच्या खिडकीपुढे, बँकेत आकडे ऐकायचे असतील तिथे, बंद. आजूबाजूचा कोलाहल शिट्टी झाकायला तिथे पुरेसा असतो, त्यात आपली भर कशाला.

यंत्राचा आवाज बसवायला बहुतेकांना नागपूरला जावं लागतं. तिथे शांत, बंद खोलीत, एकट्याला बसवून विचारतात: आता शिट्टी ऐकू येते का? आता? आणि माणूस साहजिकच आवाज चढवत नेतो, कारण त्या खोलीत शिट्टीशिवाय दुसरं काही नसतंच. जाताना घरचं माणूस सोबत न्या, ज्याच्याशी तुम्ही सर्वांत जास्त बोलता ते. आणि आज दारापाशी उभं राहून त्यांनी म्हटलेल्या शब्दांपैकी जे हुकले ते एका कागदावर लिहून न्या. तज्ज्ञ बटण फिरवतील तेव्हा त्या माणसाला दाराजवळ उभं करा, आणि तो कागद वाचायला सांगा.